जुरासिक पार्क, हातोडा आणि ‘जेवलास का?’

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मुलानं आग्रह करून ‘पॅरासाइट’ दाखवला. तोवर कोरिया म्हणजे टीव्ही, फ्रिज आणि मोटारी एवढंच मला ठाऊक होतं. आता आठवड्याला दोन-तीन कोरियन चित्रपट होतात. आधी पुढे काय होतं ते कळावं म्हणून पाहायचो; हल्ली मध्येच थांबवून ‘हा माणूस दारू पिताना तोंड का फिरवतो’ असल्या गोष्टी शोधत बसतो. बायको म्हणते, मला तर सगळे चेहरे सारखेच दिसतात आणि ती माणसं सदान्‌कदा खात असतात. माझ्या शंका अशा : वॉट्सॲपवर एक संदेश फिरतो, की कोरियाच्या सरकारनं ‘जुरासिक पार्क’ची कमाई पाहिली आणि मोटारींऐवजी सिनेमे काढायचं ठरवलं. हे खरं का? त्यांच्या सिनेमात इतका रक्तपात कशासाठी? हसताहसता एकदम अंगावर काटा येतो तो कसा? आणि भाषेचं अक्षर कळत नसताना मी यात इतका कसा गुंतलो? (एक निवृत्त वाचक, सांगली)

उत्तर : आधी तोंड फिरवण्याचं पाहू. कोरियात वडीलधाऱ्यांसमोर दारू घ्यायला मनाई नाही; उलट वरिष्ठानं ओतलेली नाकारणंच उद्धटपणाचं समजतात. पण त्यांच्याकडे थेट तोंड करून पिणं बरं दिसत नाही. म्हणून धाकटा माणूस पेला दोन्ही हातांनी घेतो, मान बाजूला वळवतो आणि पिऊन टाकतो. आपल्याकडे काका दिसताच सिगारेट पाठीमागे लपवणारा पुतण्या आठवा. काकांना सगळं ठाऊक असतं, काकांना ठाऊक आहे हे पुतण्यालाही ठाऊक असतं, तरी लपवायची. तिथे हा सगळा संकोच मानेच्या एका वळणात उरकतात.

आता एखाद्या प्रसंगात धाकट्यानं मान वळवलीच नाही, तर तिथला प्रेक्षक सावरून बसतो. त्याला कळतं की आता काहीतरी बिनसणार. सांगलीतल्या प्रेक्षकाला ते कळत नाही, पण काहीतरी निसटल्याची चुटपुट लागते. तुम्ही चित्रपट थांबवता तो त्या चुटपुटीपायी. हे सिनेमे घरच्या माणसांसाठी केलेले असतात. पाहुण्याला समजावून सांगत बसण्याची तसदी ते घेत नाहीत. तुमच्या गुंतण्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. उरलेल्या निम्म्यासाठी जरा मागे जावं लागेल, आणि वाटेत तुमचा वॉट्सॲप संदेशही लागेल.

तो संदेश मलाही तीनदा आला आहे, एकदा तर गुड मॉर्निंगच्या गुलाबासकट. त्यातला गाभा खरा आहे. १९९४ मध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळानं एका अहवालात हिशेब मांडला होता, की एकट्या ‘जुरासिक पार्क’ची कमाई १५ लाख कोरियन मोटारींच्या निर्यातीएवढी आहे. मोटारींचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला हे झोंबलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, सरकारनं संस्कृतीकडे उद्योग म्हणून पाहायला सुरुवात केली. इथवर ठीक. पण पुढे ‘आणि मग चांगले सिनेमे निघाले’ असं जे जोडलं जातं, ते पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी ऊस उभा राहिला असं म्हणण्यासारखं आहे. मधली नांगरट, लागण, खत, सगळं गाळलंय.

नांगरट अशी. लष्करी राजवटीच्या काळात परदेशी चित्रपट आणायचा परवाना हवा असेल, तर देशी चित्रपट काढून दाखवावे लागत. त्यामुळे पुष्कळ निर्माते परवान्यापुरते देशी चित्रपट घाईघाईनं उरकत आणि परदेशी चित्रपटावर कमवत. असे उरकलेले चित्रपट लोक कशाला पाहतील? कोरियन सिनेमा म्हणजे दुय्यम माल, असं तिथल्याच लोकांचं मत झालं. मग १९८८ पासून अमेरिकन कंपन्यांना मधला माणूस टाळून थेट चित्रपट लावायची मुभा मिळाली. देशी सिनेमावाले इतके भडकले, की निषेध म्हणून काही चित्रपटगृहांत चक्क साप सोडले गेले. हा प्रकार पटकथेत लिहिला असता तर आपण अतिरंजित म्हटलं असतं. सापांचा उपयोग झाला नाही. १९९३ पर्यंत देशी चित्रपटांचा बाजारातला वाटा १६ टक्क्यांच्या आसपास घसरला होता.

एक दोरी मात्र हातात होती. १९६६ मध्येच कायद्यात तरतूद झाली होती, की प्रत्येक चित्रपटगृहानं वर्षातले काही दिवस देशी चित्रपट लावलेच पाहिजेत. पुढे हा आकडा १४६ दिवसांवर गेला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला संध्याकाळचा खेळ मिळावा की नाही यावरून २०१५ मध्ये आपल्याकडे झालेला गदारोळ तुम्हाला आठवत असेल. तिथे हे भांडण कित्येक वर्षं आधी आणि कितीतरी अधिक त्वेषानं झालं. राखीव दिवस कमी होणार अशी कुणकुण लागली तेव्हा दिग्दर्शकांनी, नटांनी भर चौकात मुंडण केलं. २००६ मध्ये अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू होताना हे दिवस निम्म्यावर, म्हणजे ७३ वर आणले गेले, तेव्हा ‘ओल्डबॉय’चा नायक चोई मिन-सिक यानं सरकारनं दिलेलं सन्मानपदक परत केलं.

राखीव दिवसांनी पडदा मिळतो. प्रेक्षक मिळतोच असं नाही. प्रेक्षक यायला पैसा, मोकळीक आणि वेडी माणसं लागली, आणि या तिन्ही गोष्टी नव्वदच्या दशकात एकामागून एक आल्या.

पैसा आला तो व्हिडिओच्या वाटेनं. सॅमसंग, देवूसारखी मोठी घराणी व्हीसीआर बनवत होती. यंत्र विकायचं तर त्यात लावायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी चित्रपटांत पैसा घातला. १९९२ चा ‘मॅरेज स्टोरी’ हा त्या पैशातून निघालेला सुरुवातीचा चित्रपट. नुसता पैसा नाही, हिशेबाची शिस्तही आली. १९९७ च्या आर्थिक संकटात ही घराणी सिनेमातून बाहेर पडली, पण जाताजाता सॅमसंगनं ज्याला पैसा दिला तो ‘शिरी’ १९९९ मध्ये लागला आणि त्यानं तिथे ‘टायटॅनिक’चा विक्रम मोडला. शिरी हे ओढ्यात सापडणाऱ्या एका चिमुकल्या माशाचं नाव. चिंगळीनं टायटॅनिक बुडवलं, असा विनोद तेव्हा चालला होता. मोठी घराणी गेली, त्यांच्या जागी सीजे, लोट्टे, शोबॉक्स असे नवे खेळाडू आणि भांडवल गुंतवणारे आले.

मोकळीक आली न्यायालयातून. ऑक्टोबर १९९६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला, की चित्रपट दाखवण्याआधी सरकारी मंडळानं त्याला कात्री लावणं घटनाबाह्य आहे. त्याच्या आदल्याच महिन्यात बुसानला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. वॉट्सॲपवर या निकालाचा उल्लेख मला कधी दिसला नाही. डायनोसॉर मात्र दरवेळी असतो.

वेड्या माणसांची गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण ती तुमचीच आहे. नव्वदच्या सुरुवातीला सोलमधल्या काही तरुणांनी ‘यलो डोअर’ नावाचा एक क्लब चालवला होता. नावाप्रमाणे पिवळं दार असलेली खोली. परदेशी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट, अशा उतरवलेल्या प्रतींवर ही मंडळी चित्रपट पाहायची, पुन्हा मागे नेऊन एकेक दृश्य सोडवायची. कॅसेटचं कपाट सांभाळण्याचं काम समाजशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाकडे होतं. त्याचं नाव बाँग जून-हो, पुढे ‘पॅरासाइट’चा दिग्दर्शक. त्यानं तेव्हा एक चिमुकला चित्रपटही केला : तळघरात अडकलेलं एक खेळण्यातलं गोरिला आणि त्याची बाहेर पडण्याची धडपड. ‘पॅरासाइट’ पाहिलेल्या माणसाला तळघर म्हटल्यावर वेगळं सांगायला नको. या क्लबावर २०२३ मध्ये माहितीपट निघाला आहे, जरूर पाहा. तेव्हा रिमोट हातात घेऊन दृश्य मागे नेण्याबद्दल घरात बोलणी बसत असतील तर खुशाल हा दाखला द्या. तुमच्याकडून मात्र ऑस्करची अपेक्षा कोणी करू नये.

आता रक्तपात. इथे गैरसमज फार. तुम्हाला वाटतं तसे सगळे कोरियन सिनेमे रक्तबंबाळ नसतात. आपल्यापर्यंत पोचलेले बरेच तसे असतात. का, तर दोन हजारच्या दशकात एका ब्रिटिश वितरकानं ‘एशिया एक्स्ट्रीम’ अशी मालिकाच काढली आणि जपान-कोरियातले अंगावर येणारे चित्रपट निवडून पाश्चात्य बाजारात विकले. त्यातच २००४ मध्ये पार्क चान-वूकच्या ‘ओल्डबॉय’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता क्वेंटिन टॅरँटिनो. आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या पेनड्राइव्हमध्ये आला तो हा निवडक माल. परदेशी माणसानं नुसते गुन्हेगारीवरचेच मराठी चित्रपट पाहिले, तर महाराष्ट्रात कोणी लग्न करतं की नाही अशी शंका त्याला येईल.

कोरियातल्या घरोघरीच्या माणसांनी काय पाहिलं ते बघा. तिथे चित्रपटाचं यश कोटी रुपयांत नाही, विकलेल्या तिकिटांत मोजतात. एक कोटी तिकिटं खपली की तो खरा गाजला. माणशी मोजणी असल्यामुळे तिकिटाचे भाव वाढवून विक्रम करता येत नाही, हे मला फार पटतं. सर्वाधिक तिकिटं खपली ती २०१४ च्या ‘द ॲडमिरल : रोअरिंग करंट्स’ची, १ कोटी ७६ लाख. सोळाव्या शतकात मूठभर जहाजांनिशी जपानी आरमाराला रोखणाऱ्या यी सुन-शिन याची ही कथा. देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत, म्हणजे तीन माणसांमागे एक तिकीट. त्याच्याखाली २०१९ चा ‘एक्स्ट्रीम जॉब’, १ कोटी ६० लाखांच्या वर. त्यात अमली पदार्थविरोधी पथकातले पोलीस टोळीवर नजर ठेवायला समोरचं बुडीत चालणारं तळलेल्या चिकनचं दुकान घेतात. चिकन इतकं फक्कड जमतं, की दारात रांगा लागतात आणि गुन्हेगारांवर नजर ठेवायला कोणाला सवडच राहत नाही. हा चित्रपट तुमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहता येईल, आणि ‘सारखी खातात’ ही तक्रार आणखी बळावेल.

रक्तपात असतो तिथेही एक गोष्ट लक्षात आली असेल : पिस्तुलं फार कमी. हातोडा, सुरा, बेसबॉलची बॅट, नाहीतर धावत येऊन मारलेली लाथ. याचं कारण दिग्दर्शकाच्या आवडीत नाही, कायद्यात आहे. तिथे सामान्य माणसाला बंदूक जवळपास मिळतच नाही; शिकारीची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात ठेवावी लागते. गुंडाच्या हातात पिस्तूल दिसलं तर कोरियन प्रेक्षकाला खोटं वाटेल. परिणाम असा होतो, की मारामारी जवळून आणि दमवणारी होते. ‘ओल्डबॉय’मधला बोळातला प्रसंग आठवा. कॅमेरा बाजूनं सरकतो, मध्ये तोडजोड नाही. नायक हातोडा चालवतो, खाली पडतो, धापा टाकत भिंतीला टेकतो. समोरचे गुंडही दमून उभे राहतात, पुढे कोण जाणार म्हणून एकमेकांकडे बघतात. या एका प्रसंगासाठी तीन दिवस आणि सतरा टेक लागले. त्यातला दम खराच असणार.

हसताहसता काटा येण्याबद्दल. या प्रश्नाला जगभर एक ठरावीक उत्तर मिळतं : ‘हान’. हान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं, बोलून न दाखवलेलं दुःख. इम क्वॉन-टेकच्या १९९३ च्या ‘सोप्योंजे’मध्ये एक गायक बाप मुलीच्या गळ्यात हे दुःख उतरावं म्हणून तिला आंधळी करतो. चित्रपट विलक्षण आहे, पण ‘हान’ या एका शब्दाच्या किल्लीनं प्रत्येक कोरियन सिनेमाचं कुलूप उघडू पाहणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मराठी माणूस म्हणजे सोशिकपणा, असं म्हणून ‘सैराट’ समजत नाही. त्यापेक्षा एक चित्रपट जवळून पाहू.

बाँग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’, साल २००३. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासाँग भागात झालेल्या खऱ्या खुनांवर बेतलेला. पहिला अर्धा तास तुम्ही हसला असाल. भातशेतीत प्रेत सापडलंय, पण जागेची नाकेबंदी नाही; पोरं धावतायत, पावलाचा ठसा जपून ठेवलाय त्याच्यावरून ट्रॅक्टर जातो, अधिकारी बांधावरून घसरून पडतात. पोलीस म्हणजे गावच्या तमाशातले सोंगाडे वाटतात. मग तेच पोलीस एका मंदबुद्धी मुलाला मारून कबुलीजबाब घेतात आणि हसू ओठावरच थिजतं. पुढे एका रात्री खून होणार याची पोलिसांना खात्री असते. ते जादा कुमक मागतात. उत्तर येतं, माणसं नाहीत. सगळी निदर्शनं मोडायला गेली आहेत.

इथे गाठ सुटते. तो काळ लष्करशहा चुन डू-ह्वानचा. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्यानं नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. १९८७ मध्ये देशभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे थेट निवडणूक पदरात पडली. पोलीस खातं विद्यार्थी पकडण्यात तरबेज झालं होतं, खुनी पकडण्यात नाही. शास्त्रीय तपास माहीत नाही म्हणून ते हास्यास्पद. मारझोड माहीत आहे म्हणून भयानक. विनोद आणि भीती असे दोन मसाले दिग्दर्शकानं वरून टाकलेले नाहीत, दोन्ही एकाच कारणातून उगवलेत. म्हणून चित्रपटाचा सूर बदलला तरी तुम्हाला फसवल्यासारखं वाटत नाही.

शेवटच्या चौकटीत पोलिसाची भूमिका करणारा नट सॉन्ग कांग-हो थेट तुमच्याकडे बघतो. खुनी तेव्हा सापडलेला नव्हता. तो कुठेतरी चित्रपटगृहात बसलेला असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, असा बाँगचा हेतू होता. २०१९ मध्ये डीएनएवरून माणूस सापडला. तो दुसऱ्याच खुनासाठी १९९४ पासून तुरुंगात होता. जुन्या खुनांची मुदत संपलेली, त्यामुळे त्यांच्यासाठी खटला भरता आला नाही.

या चित्रपटांनी तिथे इतिहासाच्या तासाचंही काम केलं आहे. १९७९ च्या लष्करी बंडावरचा २०२३ चा ‘१२.१२ : द डे’ १ कोटी ३० लाखांनी पाहिला. वर्षभरानं, ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी खरोखरच लष्करी कायदा पुकारला आणि लोक रात्रीच संसदेबाहेर जमले. संसदेनं काही तासांत तो हाणून पाडला. त्या गर्दीतल्या तरुणांचा जन्म १९७९ नंतर खूप वर्षांनी झालेला. बंड कसं दिसतं हे त्यांनी पाहिलं होतं ते पडद्यावर.

भाषेचं अक्षर कळत नसताना कसे गुंतलात, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझं म्हणणं उलटं आहे : भाषा तुम्हाला वाटते त्याहून जास्त कळते, आडवी येतात ती इंग्रजी सबटायटल्स.

कोरियन भाषेत मराठीसारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि ते क्रियापद समोरच्याचा मान पाहून बदलतं. तू, तुम्ही, आपण या आपल्या पायऱ्या तिथे क्रियापदाच्या शेपटीत असतात. शिवाय मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. साहेब, गुरुजी, मावशी, दादा असं काहीतरी म्हणायचं, मग तो नात्यातला असो वा नसो. त्यात आणखी बारकावा : मोठ्या भावाला धाकटा भाऊ ‘ह्यंग’ म्हणतो, बहीण ‘ओप्पा’ म्हणते. मोठ्या बहिणीला भाऊ ‘नूना’, बहीण ‘ऑन्नी’. आणि ओप्पा ही हाक भावालाही चालते, प्रियकरालाही. आपल्याकडे मुलीनं ज्याला एकदा ‘दादा’ म्हटलं त्याची गोष्ट तिथेच संपते. तिथे ती तिथून सुरू होऊ शकते. माझी पहिल्यांदा यातच फसगत झाली. एक अख्खा प्रेमपट मी बहीण-भावाचा समजून पाहिला आणि तिसऱ्या प्रसंगानंतर भलताच अस्वस्थ झालो.

इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्याचं एकच ‘यू’ होतं. एखाद्या चित्रपटात दोन अनोळखी माणसांचं गाडी लावण्यावरून वाजतं आणि एकदम एक जण दुसऱ्याचं वय विचारतो. सबटायटल वाचणारा गोंधळतो : मारामारीच्या ऐन तोंडावर वाढदिवस कशाला? पण प्रश्नाचा खरा अर्थ ‘मला अरे-तुरे करतोस, तू आहेस केवढा?’ असा असतो. हे इंग्रज माणसाला तळटीप देऊन सांगावं लागेल, तुम्हाला नुसत्या आवाजावरून उमगतं. ‘आप्पा’, ‘ओम्मा’ हे शब्द ऐकून कोरियन तमिळपासून निघाली असं म्हणणारे भेटतील. आई-बापासाठी असे ओठांवरचे शब्द जगभर सापडतात, तेवढ्यावरून सोयरीक जुळत नाही.

तुमच्या सौभाग्यवतींच्या खाण्याच्या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. कोरियात कोणी भेटलं की ‘जेवलास का?’ असं विचारण्याची रीत आहे. आपल्याकडे दुपारी कोणी दारात आलं की आपणही विचारतो. जेवणाची माहिती त्यात कोणालाच नको असते. तू बरा आहेस ना, एवढंच विचारायचं असतं. ‘मेमरीज ऑफ मर्डर’च्या अखेरीकडे, बोगद्याच्या तोंडाशी, पावसात सॉन्ग कांग-हो संशयिताचा चेहरा निरखून बघतो. पुरावा हातून गेलाय, तोच खुनी आहे की नाही हेही आता कळत नाही. आणि तो त्याला विचारतो, पोटाला काही खातोस की नाही? या वाक्यात किळस आहे, थकवा आहे, आणि कीवही आहे. इंग्रजीत ते नेऊ पाहणाऱ्या काहींनी जेवणच काढून टाकलं, कारण इंग्रजीत त्याला काही अर्थ उरत नाही. मराठीत तसंच्या तसं उरतं.

उलट ‘पॅरासाइट’मध्ये काही गोष्टी मराठी प्रेक्षकालाही सांगाव्या लागतात. त्या अर्ध्या जमिनीतल्या घरात संडासाचं भांडं उंच ओट्यावर का? मैलापाण्याची वाहिनी घराच्या जमिनीपेक्षा वर, म्हणून. आणि अशी घरं मुळात का? १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे हल्लेखोर थेट अध्यक्षांच्या निवासाजवळ पोचले होते. त्यानंतर १९७० च्या बांधकाम कायद्यात इमारतींखाली आसऱ्यासाठी तळघरं आली. शहरात माणसं वाढली, घरं पुरेनात, तेव्हा ती तळघरं भाड्यानं जाऊ लागली. चित्रपटातला पूर कल्पनेतला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलमध्ये खरा पूर आला आणि अशाच घरांत माणसं बुडून मेली.

चेहऱ्यांचं थोडक्यात : ज्या चेहऱ्यांत आपण वाढतो त्यांच्यातले फरक डोळ्याला पटकन कळतात, इतरांतले सवयीनं. सौभाग्यवतींना सॉन्ग कांग-होचे सलग तीन चित्रपट दाखवा. चौथ्यात त्या त्याला पाठमोरा ओळखतील. नाव लिहिताना सॉन्ग हे आडनाव आणि ते आधी, एवढं ध्यानात ठेवा.

हे वेड भारतात ओटीटीनं आणलं असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलं आहे, तेही पुरतं बरोबर नाही. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती रिकामी जागा कोरियन टीव्ही वाहिनीनं आणि सीमेपलीकडून येणाऱ्या सीड्यांनी भरली. इंफाळची मुलं आपल्याआधी किती तरी वर्षं ‘ओप्पा’ म्हणत होती. मुंबईनं कोरियन कथा घेतल्या त्या अधूनमधून : ‘रॉकी हँडसम’, ‘तीन’, ‘भारत’. यांतला मूळ चित्रपट आधी पाहिलात की नक्कल पाहण्याचा वेळ वाचतो.

आता पुढे काय पाहायचं तेही सांगतो. कोरियन फिल्म आर्काइव्हनं यूट्यूबवर शंभराहून अधिक जुने चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह फुकट ठेवले आहेत. जुन्यांपैकी एकच पाहणार असाल तर किम की-यंगचा १९६० चा ‘द हाउसमेड’ शोधा. नवं दुमजली घर, मोलकरीण, आणि एक जिना. बाँग जून-हो या चित्रपटाचं ऋण मोकळेपणानं मान्य करतो, आणि जिन्यावर लक्ष ठेवलंत तर ‘पॅरासाइट’ कुठून चढत आला ते दिसेल. एक सूचना : त्यात स्वयंपाकघराच्या कपाटात उंदराचं औषध ठेवलेलं आहे आणि दोन तास ते आपल्या डोक्यातून जात नाही. तेव्हा दोघांनी जेवणं उरकून मगच बसा.